तेलाचं देणं

माशाला खायला घालावं लागतं, हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. भंडारा जिल्ह्यातल्या एका मालगुजारी तलावाच्या पाळीखाली आमचं धिवराचं घर. हे तलाव कोहळी लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी धानासाठी बांधले. पाणी धानाचं आणि मासा आमचा, अशी वाटणी चालत आलेली. सोसायटीनं ठेका घ्यायचा, पावसाळ्यात सरकारी केंद्रातून रोहू, कटला, मृगळची बोटुकली आणून सोडायची आणि उन्हाळ्यात पाणी उतरेपर्यंत माशाचं काय ते तलावानं बघायचं. तलाव बघायचाही. मासा फार निघत नसे, पण निघे तो निकोप असे. त्यामुळं पुढं मत्स्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात ‘मत्स्य पोषण’ असा अख्खा विषय दिसला तेव्हा मला हसू आलं होतं.

बाहेरून माशाला पडायचं ते एकच. आमच्या भागातले बरेच धिवर टसरचंही काम करतात. पावसाळ्यात काका जंगलात येनाच्या झाडांवर अळ्या सोडून राखणीला बसत. कोश उकळून धागा निघाला की आत उरलेले किडे घरी येत आणि बाबा ते मूठमूठ पाण्यात टाकत. मासे तुटून पडत. मात्र पडून राहिलेले, वास सुटलेले किडे त्यांनी कधी तलावात जाऊ दिले नाहीत. मी एकदा तशी टोपली उचलली तर म्हणाले, “वास मारते बाबू, नोको टाकू पान्यात.” का, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

नागपूरला तेलंगखेडीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो आणि तिथून वर्सोव्याला, केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत गेलो. मला रोगशास्त्राची ओढ होती. हिवाळ्यात अंगावर लाल जखमा उठलेले मरळ मी लहानपणी पाहिले होते. त्या रोगाच्या मुळाशी बुरशीसारखा एक जीव असतो आणि तो रोग १९८८ साली भारतात शिरला, हे पुस्तकात वाचलं. आजार म्हणजे जंतू, आणि उपाय म्हणजे चुना, लाल दवा, नाहीतर बाटलीतलं औषध, एवढं माझ्या डोक्यात पक्कं होतं. पोषणाच्या तासाला मी मागच्या बाकावर बसायचो. त्या तासाला शिकवणाऱ्या सरांचं माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे, आणि ते मला किती उशिरा कळलं याची लाज वाटते.

सर कमी बोलत. एका सकाळी त्यांनी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेल्या चार बाटल्या टेबलावर मांडल्या. खोबरेल दगडासारखं घट्ट झालेलं. तांदळाच्या कोंड्याचं तेल गढुळलेलं. तारलीच्या तेलाच्या तळाला थोडा साका बसलेला, पण वरचं वाहतं. आणि जवसाचं तेल काहीच न झाल्यासारखं. सर म्हणाले, “मासा पाण्याइतकाच गार असतो. त्याच्या प्रत्येक पेशीचं आवरण मेदाचं आहे. ते आवरण गोठून चालणार नाही. आता सांगा, यातलं कुठलं तेल त्याला हवं असेल?” वर्गात कुणी उत्तर दिलं की नाही ते आठवत नाही. मी दिलं नव्हतं.

मग त्यांनी फळ्यावर मेदाम्लाची साखळी काढली. कार्बनचे अणू एकापुढे एक. जिथं दुहेरी बंध येतो तिथं साखळीला बाक येतो, आणि बाक आलेल्या साखळ्या एकमेकींना खेटून बसत नाहीत, म्हणून तेल पातळ राहतं. जवसात १८ कार्बनांची आणि तीन बंधांची साखळी असते. समुद्रातल्या माशात २० कार्बन-पाच बंध आणि २२ कार्बन-सहा बंध अशा लांब साखळ्या असतात. पहिलीला ईपीए म्हणतात, दुसरीला डीएचए. जवसातल्या साखळीसह या साऱ्या ओमेगा-३ घराण्यातल्या. माशाचा मेंदू आणि डोळा डीएचएवर चालतो. आणि गंमत अशी की मासा हे सगळं शून्यातून बनवू शकत नाही. मूळ बनवतं ते शेवाळ. ते सूक्ष्म प्राणी खातात, त्यांना लहान मासे, लहानांना मोठे. आमच्या तलावातल्या माशाला कुणी वाढत नव्हतं असं मला वाटायचं, ते खोटं होतं. त्याचं ताट पाण्यातच तयार होत होतं.

या ज्ञानाची वंशावळ सर फार आदरानं सांगत. अमेरिकेत मिनेसोटात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या नवरा-बायकोनं उंदरांना अजिबात मेद नसलेलं खाणं दिलं. बाकी सगळं पुरेसं असूनही उंदरांची वाढ खुंटली, कातडीला आणि शेपटीला खवले धरले. विशिष्ट मेदाम्लाचे थोडे थेंब दिले की ते सुधारत. हे १९२९-३० मधलं. तोवर मेद म्हणजे फक्त इंधन, असं शास्त्रज्ञही मानत. माशांवर हे काम यायला पुढं बरीच वर्षं गेली. १९७२ मध्ये ऑरेगनमध्ये कॅस्टेल, सिन्हूबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांना ओमेगा-३ नसलेल्या तेलावर वाढवलं. माशांचे पर झडले, वाढ मंदावली, आणि एक विचित्र गोष्ट घडू लागली. मासे हलवताना, जाळीत धरताना ते जोरात धडपडत आणि मग बेशुद्ध पडत. काही वेळानं पुन्हा उठून पोहत. जंतू नाही, विष नाही, पाण्यात प्राणवायू भरपूर, तरी मासा भोवळ येऊन पडतो. उपाय म्हणजे खाद्यात साधारण एक टक्का योग्य मेदाम्ल.

मी हे वहीत उतरवून घेतलं. परीक्षेत त्यावर प्रश्न आला, गुणही चांगले मिळाले.

त्याच सत्रात सरांनी जपानमधल्या कार्प माशांची हकीकत सांगितली. तिथं रेशमाचा धंदा मोठा, म्हणून कोशातले किडे कार्पच्या तळ्यांत खाद्य म्हणून जात. काही तळ्यांत माशांची पाठ बारीक होऊ लागली, पाठीचे स्नायू झिजून मासा लाकडासारखा वाळका दिसे. किड्यांतलं तेल हवेनं खराब झालेलं असे, आणि ते खराब तेल माशाच्या अंगातलं ई जीवनसत्त्व संपवून टाके. हे १९६० च्या दशकात हाशिमोतो आणि त्यांच्याबरोबरच्या संशोधकांनी दाखवलं. ई जीवनसत्त्व दिलं की आजार टळे. सर हे सांगत होते आणि मला आमची टोपली दिसत होती. ज्या तेलात बंध जास्त तेच तेल हवेत लवकर बिघडतं. जे माशाला सगळ्यात गरजेचं, तेच सगळ्यात नाजूक. त्या रात्री मी बाबांना फोन करून मोठ्या उत्साहानं जपान, ऑक्सिजन, स्नायू असं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मंग? वास मारत होता तं मारत होता.”

शिक्षण संपल्यावर मी मत्स्यखाद्याच्या एका कारखान्यात लागलो. या धंद्यात मालाला आकड्यांनी ओळखतात. ‘२८-४’ म्हणजे २८ टक्के प्रथिनं आणि ४ टक्के स्निग्धांश. भाव ठरतो तो पहिल्या आकड्यावर. दुसऱ्या आकड्याबद्दल कुणी विचारत नाही, आणि चार टक्के भरले कशानं, हे तर नाहीच. मीही प्रथिनांचीच भाषा बोलू लागलो. आंध्रात कोल्लेरूच्या बाजूला मोठमोठी रोहूची तळी पाहिली. तिथं भोकं पाडलेल्या पोत्यांत तेलविरहित कोंडा भरून पोती बांबूंना बांधतात आणि मासे त्या भोकांना तोंड लावून खातात. कोंड्यात ओमेगा-३ नावालाही नसतं म्हटलं तरी चालेल, तरी रोहू धष्टपुष्ट. मग सरांच्या त्या थेंबाथेंबाच्या गोष्टींचं काय, असं मला वाटून गेलं. खतावलेल्या पाण्यातलं हिरवं शेवाळ तो थेंब पुरवत होतं, हे तळ्याच्या काठावर उभं असूनही माझ्या ध्यानात आलं नाही. शिवाय रोहू-कटला हे गोड्या पाण्यातले मासे. १८ कार्बनांची साखळी मिळाली तर ती लांबवून ईपीए, डीएचए बनवणारी विकरं त्यांच्याजवळ असतात. समुद्राच्या मांसाहारी माशांत हे काम जवळजवळ बंद असतं. त्यांना पिढ्यान्‌पिढ्या तयार माल मिळत आला, मग घरी कशाला रांधतील?

रायगडला गेल्यावर अशा माशाशी माझी गाठ पडली. जिताडा. पेण-अलिबागच्या खारेपाटात घराजवळच्या तळ्यात जिताडा पाळायची रीत जुनी आहे. पावसाळ्यात खाडीतून पिल्लं धरायची, तळ्यात सोडायची, कोळंबी आणि बारीक मासळी घालून वाढवायची. पाहुण्याला किंवा साहेबाला जिताडा धाडणं म्हणजे मानाची गोष्ट. गोव्यात याला चोणक म्हणतात, बंगाल्यांची भेटकी हीच. खाडीतलं बी कमी होत गेलं तसं लोक उबवणुकीच्या पिल्लांकडं वळले. चेन्नईच्या खाऱ्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेनं १९९७ मध्ये या माशाचं बंदिस्त प्रजनन साधलं, त्यानंतर तमिळनाडूतून बी मिळू लागलं. मी एका रोपवाटिकेत कामाला लागलो. तिथं उबवलेली इवली पिल्लं बोटुकली होईपर्यंत सांभाळायची आणि शेतकऱ्यांना द्यायची.

पिल्लं सांभाळायचं काम एका ताईंकडं होतं. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलेल्या, वयानं माझ्याहून थोड्याच मोठ्या, कामाला मात्र फार पक्क्या. जिताड्याचं पिल्लू जिवंत, हलणारं भक्ष्यच खातं. म्हणून आर्टेमिया नावाचा खारट पाण्यातला इवला जीव उबवायचा. त्याची अंडी वाळलेल्या पुडीसारखी डब्यातून येतात, बहुतेक अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून. खाऱ्या पाण्यात हवा सोडत ठेवली की दिवसभरात नारिंगी जीवांचा थवा वर येतो. मला वाटलं, झालं काम. ताई म्हणाल्या, “हे नुसते दिले तर आपण पिल्लांना उपाशी ठेवतोय. यांच्यात डीएचए जवळपास नाहीच.”

मग त्यांनी जे करून दाखवलं ते मी कधी विसरणार नाही. आर्टेमियाची पहिली कात पडेपर्यंत थांबायचं, कारण तोवर त्याला तोंडानं खाता येत नाही. मग तारलीचं तेल, अंड्याचा बलक आणि पाणी मिक्सरमध्ये फिरवून दुधासारखं पांढरं करायचं आणि ते त्या पाण्यात सोडायचं. काही तासांनी एक जीव काचपट्टीवर घेऊन त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. त्याच्या आतड्यात तेलाचे चकचकीत थेंब ओळीनं बसलेले. “आता हा खायच्या लायकीचा झाला,” ताई म्हणाल्या. लगेच गाळून, धुऊन, गार ठेवून खाऊ घालायचं. उशीर झाला तर आर्टेमिया ते तेल स्वतःच वापरून टाकतो.

ही युक्ती जपानची. तिथं समुद्री माशांची पिल्लं रोटिफर नावाच्या सूक्ष्मजीवावर वाढवत आणि रोटिफर पावाच्या यीस्टवर. पिल्लं ढिगानं मरत. टोकियोतल्या ताकेशी वातानाबे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की यीस्टवर वाढलेल्या रोटिफरमध्ये लांब साखळीचं ओमेगा-३ नसतं. मग माकुळाच्या यकृताचं तेल घालून यीस्ट वाढवायचं, ते रोटिफरनं खायचं आणि रोटिफर पिल्लानं. मारणारा रोग कुठंच नव्हता, पानात एक पदार्थ वाढायचा राहिला होता. वातानाबेंना मी कधी पाहिलं नाही. पण माझ्या हातून जगलेल्या प्रत्येक पिल्लात त्यांचा वाटा आहे, असं मी मानतो.

स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंगच्या संशोधकांनी हेरिंग माशांच्या पिल्लांना डीएचए कमी दिलं तेव्हा मंद उजेडात त्यांना भक्ष्य नीट दिसेना, असंही नंतर वाचलं. आमच्या टाक्यांत जी पिल्लं भक्ष्य समोर असून तोंड उघडत नसत त्यांना मी आळशी म्हणायचो.

त्यानंतरचा प्रसंग पौष महिन्यातला. आम्ही बोटुकली दिलेल्या एका आगरी शेतकऱ्याचा निरोप आला. जिताडा आपल्याच भावंडांना गिळतो, म्हणून मोठे-लहान मासे वारंवार वेगळे करावे लागतात. त्यासाठी जाळं ओढलं की मासे तडफडून आडवे पडत होते. दादा काळजीत होते. “पानी तं चांगला हाय, मंग मासा आडवा का परतंय?” मी मीटर घेऊन पाण्यात उतरलो. प्राणवायू पुरेसा. अमोनिया नाही म्हणण्याइतकाच. कल्ल्यांवर परजीवी नाहीत. परांच्या बुडाशी थोडी लाली दिसली, ती जाळ्यानं खरचटल्याची असेल असं मी ठरवलं आणि एअरेटर वाढवायला सांगितलं. तेवढ्यात आडवे पडलेले काही मासे पुन्हा उठून पोहायला लागले. मी म्हणालो, “बघा, हवा मिळाली.”

ताई सोबत आल्या होत्या. त्या पाण्याकडं गेल्याच नाहीत. थेट शेडमध्ये जाऊन पोती बघून आल्या. जिताड्याचं खाद्य महाग, म्हणून दादांनी विक्रेत्याच्या सल्ल्यानं पंगसचं खाद्य सुरू केलं होतं. २८-४. त्या चार टक्क्यांत वनस्पतीचंच तेल. पंगसला ते चालतं, जिताड्याला नाही. ताईंनी एक मेलेला मासा चिरून यकृत दाखवलं. फिकट आणि सुजलेलं.

ऑरेगनची ट्राउट माझ्या वहीत होती. जाळीत धरताना भोवळ, काही वेळानं उठून पोहणं, झडलेले पर, सगळं माझ्याच अक्षरात. आणि तोच आजार पायाशी येऊन पडला तरी मी पाण्यातच शोधत होतो. दादांसमोर मी काही बोललो नाही, गाडीत बसल्यावर ताईंना सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, “जिताड्यात हेच होतं, हे लिहिलेलं आहे. पुन्हा वाचा.” खरंच लिहिलेलं होतं. जिताड्याला खाद्याच्या साधारण एक ते पावणेदोन टक्के लांब साखळीचं ओमेगा-३ लागतं. ते नसलं की परांची आणि कातडीची लाली, मंदावलेली भूक, सुजलेलं फिकट यकृत आणि तीच भोवळ.

योग्य खाद्य येईपर्यंत ताईंनी आहे त्याच गोळ्यांवर तारलीचं ताजं तेल आणि थोडं ई जीवनसत्त्व चोळून, सावलीत सुकवून द्यायला सांगितलं. पुढच्या काही आठवड्यांत मासे पडायचे थांबले. फार खंगलेले काही वर आलेच नाहीत. दादांनी आम्हांला घरी जेवायला बोलावलं, तेव्हा मला घास उतरेना, कारण आभार ते माझेही मानत होते.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर तेलाचा महिमा वाढवल्यासारखं होईल. पुढच्या पावसाळ्यात त्याच तळ्यात व्हिब्रिओचा जंतू आला आणि चांगलं खाल्लेले मासेही गेले. तेल हे औषध नाही. रोगाशी झुंजणाऱ्या पेशी याच मेदाम्लांपासून आपले निरोपे बनवतात. ते ओमेगा-३ पासून बनले की दाह सौम्य होतो, ओमेगा-६ मधल्या अरॅकिडोनिक आम्लापासून बनले की तिखट. माशाला दोन्ही लागतात. ज्या ओमेगा-३ चं एवढं कौतुक, त्याचा अतिरेक झाला तर उलटही होतं. सामन माशांवरच्या काही प्रयोगांत ओमेगा-३ फार वाढवल्यावर रोगापुढं मासे दुबळे ठरले. आता बाजारात ‘माशांची प्रतिकारशक्ती वाढवणारं ओमेगा’ म्हणून बाटल्या विकायला येणाऱ्या लोकांना मी पहिल्यांदा एवढंच विचारतो, की माशाच्या खाद्यात आधी कमी काय आहे ते तुम्ही पाहिलंत का? कमतरता भरून काढणं आणि ताकद वाढवणं यांत फार अंतर आहे. भरल्या ताटावर आणखी तेल ओतलं तर ते यकृतात जाऊन बसतं, नाहीतर पोटात चरबी होऊन.

या साऱ्या वर्षांत एक देणं मात्र फिटत नाही, उलट वाढत जातं. ते तेल येतं कुठून? तारलीतून. रत्नागिरी-मालवणला तारली म्हणजे गरिबाच्या घरचं कालवण. पश्चिम किनाऱ्यावर ती टनांनी कारखान्यात जाते, तिची भुकटी होते, तेल होतं, आणि श्रीमंताच्या पानातला जिताडा त्यावर वाढतो. जगाच्या बाजारातलं तेल बरंचसं पेरूच्या अँचोव्हीचं. २०२३ मध्ये एल निनोनं समुद्र तापला, जाळ्यात पिल्लंच येऊ लागली, आणि पेरूनं वर्षातला मासेमारीचा पहिला हंगाम रद्द केला. माशाच्या तेलाचे भाव कधी नव्हे एवढे चढले. खारेपाटातल्या शेतकऱ्याला पेरू नकाशावर दाखवता येणार नाही, पण पोत्याच्या किमतीत तो त्याला भेटला.

नॉर्वेनं हे आधीच ओळखलं होतं. तिथल्या सामनच्या खाद्यात १९९० मध्ये सुमारे नव्वद टक्के भाग समुद्रातला असे. २०२० पर्यंत तो वीस-बावीस टक्क्यांवर आला, बाकी सोया, गहू आणि मोहरीच्या जातीचं रेपसीडचं तेल. मासा जगला, वाढला, पण त्याच्या मांसातलं ओमेगा-३ घटलं. स्कॉटलंडच्या सामनमध्ये २००६ ते २०१५ या काळात ते निम्म्यावर आलं, असं तिथल्याच शास्त्रज्ञांनी मोजून छापलं. आपण माशाला जे घालतो तेच आपल्या पानात येतं. आता काही कंपन्या थेट सूक्ष्म शेवाळ टाक्यांत वाढवून त्याचं तेल काढतात. अमेरिकेत नेब्रास्कात असा मोठा कारखाना २०१९ मध्ये सुरू झाला. मूळ बनवतं ते शेवाळ, हे सरांचं वाक्य मला तेव्हा आठवलं. ते तेल अजून आपल्या लहान शेतकऱ्याला परवडत नाही.

काही वर्षांपूर्वी मी गावी परतलो. आमच्या सोसायटीतल्या पोरांनी शेततळ्यांत रोहू-कटला दाट सोडायला सुरुवात केली होती. खाद्य म्हणजे धानाचा कोंडा आणि सरकीची पेंड. तलावात विरळ वाढणाऱ्या माशाला शेवाळ पुरतं. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात गर्दी केली की ते वाटून संपतं, आणि माशाच्या ताटाची जबाबदारी आपल्यावर येते. इथं मला जवसानं हात दिला. आमच्याकडं धान कापायच्या आधी ओलीवर लाखोळी आणि जवस फेकून देतात, दुसरी मशागत काही नाही. त्या जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३, आणि रोहूला त्यातून पुढचं घरी बनवता येतं. तारलीची गरज नाही. कच्चा जवस मात्र घालत नाही. त्याच्यात बुळबुळीत चिकट अंश असतो आणि सायनाइड सोडणारे घटकही. घाण्याचं ताजं तेल थोडं, पेंडीत कालवून, लागेल तेवढंच.

बाबांना हे दाखवलं तेव्हा ते म्हणाले, जवसाची चटणी आता मासोरीलाही लागते का. मोठ्या तलावात तेल घालायचा विषय काढला असता तर त्यांनी मला हाकललंच असतं, आणि ते बरोबर ठरले असते. मोठ्या तलावात मी आजही काही घालत नाही. त्याला माझी गरज नाही.

दाट मासा पाळणाऱ्यांना एकच विनंती आहे. पोत्यावर प्रथिनांचा आकडा बघाल, तेव्हा शेजारचा स्निग्धांशाचाही बघा, आणि तारीख बघा. पोती पत्र्याला चिकटवून उन्हात ठेवू नका, फळीवर सावलीत ठेवा, आणि लवकर संपतील एवढीच आणा. मासा आडवा पडला तर पाणी तपासाच, पण खाद्याची शेडही तपासा. आणि विक्रेत्याला विचारा, यातलं तेल कशाचं आहे आणि हे खाद्य कुठल्या माशासाठी केलंय. याचं सरळ उत्तर देता आलं नाही, तर ते पोतं घेऊ नका.